संरक्षित नदी आणि सर्वांचा हक्क
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



पाण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला. सिद्धार्थ गौतमांनी युद्धाला विरोध केला आणि त्यातून त्यांचा गृहत्याग घडला, असे पूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ साली कागदावर सर्वांना खुले केले. पण त्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल मिळायला १९३७ साल उजाडले.

आज नद्या वाचविण्याच्या योजना सर्वत्र होत आहेत. अशा वेळी एक प्रश्न उभा राहतो. नदी राखायची म्हणजे माणसांना तिच्यापासून दूर ठेवायचे काय? या प्रश्नाशी एका देशाने दीर्घकाळ झुंज दिली, म्हणून आम्ही तेथील उदाहरण आपल्यापुढे ठेवतो.

अमेरिकेत १९६८ साली निवडक नद्या मुक्त वाहत्या ठेवण्याचा कायदा झाला. त्यानुसार अशा नदीवर नवे धरण बांधता येत नाही. शिवाय, नदीकाठ किती माणसांचा भार सोसू शकेल, हे व्यवस्थापनाच्या आराखड्यात सांगावे लागते. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातून वाहणाऱ्या मर्सेड नदीला १९८७ साली हे संरक्षण मिळाले. जानेवारी १९९७ मध्ये मोठा पूर आला. पुढे २००० साली आराखडा तयार झाला. पण माणसांच्या संख्येची मर्यादा त्यात नीट ठरविलेली नाही, म्हणून नागरिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २००३ आणि २००८ साली निकाल त्यांच्या बाजूने लागले. अखेर २०१४ साली नवा आराखडा मंजूर झाला.

त्यात काय होते? योसेमिटी खोऱ्यात एका दिवसात जास्तीत जास्त सुमारे २०,१०० माणसे, अशी मर्यादा ठरली. १८९ एकर कुरणे व नदीकाठ पूर्ववत करायचे ठरले. काठाला अगदी लागून असलेल्या तंबूंच्या जागा हलवायच्या होत्या. मात्र तंबूंच्या एकूण जागा ४६६ वरून ६४० करायच्या होत्या. म्हणजे नाजूक काठ मोकळा करायचा, पण साध्या माणसाला मुक्कामाची सोय वाढवायची. आम्ही बँकेत काम करणारी माणसे. खात्यातली शिल्लक पाहिल्याशिवाय पैसे देता येत नाहीत, हे आम्हाला रोज दिसते. नदीचेही तसेच आहे.

परंतु या कथेची दुसरी बाजू विसरता कामा नये. त्याच खोऱ्यातून १८५१ साली सशस्त्र तुकडीने तेथील आदिवासींना हुसकावून लावले. त्यातून जे परतले, त्यांची शेवटची वस्ती उद्यानाच्या प्रशासनाने १९६९ साली पाडली. म्हणजे नदीच्या संरक्षणाचा कायदा झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी! निसर्ग राखला, पण त्या निसर्गात पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसे बाहेर गेली. ज्या समाजाला पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्या समाजाला या घटनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या आपल्या गावच्या नदीकाठी बागा, फिरण्याचे रस्ते, नौकाविहार यांची योजना आली, तर तिचे स्वागत अवश्य करा. पण तीन प्रश्न विचारा. नदी किती भार सोसेल? तिकिटाशिवाय तेथे कोणाला जाता येईल? आणि काठावरची कोणाची घरे, कोणाचा धोबीघाट, कोणाची मासेमारी जाणार? आराखडा पाहायला मागा, हरकती लेखी द्या, आणि मुदतीत द्या. त्या अमेरिकन नागरिकांनी हेच केले; वेळ लागला, पण नदीची मर्यादा कागदावर आली.

शील म्हणजे स्वतःला घातलेली मर्यादा, आणि समता म्हणजे सर्वांना मोकळी वाट. नदीकाठी या दोन्ही एकत्र नांदल्या पाहिजेत. केवळ समता पाहिली तर नदी मरते, आणि केवळ मर्यादा घातली तर तिचा भार गरिबावरच पडतो. हे भान ठेवून आपण कामाला लागू या.

जयभीम! नमो बुद्धाय!