हजेरीपटावरची नावं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली, काहीतरी टेक्निकल बोल, पण दहा मिनिटांत." मी वीसेक वर्षं डेटाबेसवर काम करते, म्हणजे लोकांच्या नावांच्या याद्या सांभाळते. म्हणून नावांवरच बोलते. शिवाय आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या विषयावर जो धुरळा उडाला तो तुम्ही विसरला नसालच. निमंत्रणपत्रिकेवर गावाचं नाव काय छापायचं? चार दिवस वाद चालला, दोघं ग्रुप सोडून गेले (आज दोघंही आलेत, पुढच्याच रांगेत आहेत), आणि शेवटी पत्रिकेवर शाळेचं नाव आणि फक्त पिनकोड छापला. 431001. त्यावर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

आमच्या धंद्यात याला 'की' म्हणतात. माणूस असो, गाव असो, त्याची ओळख नावाशी कधी बांधायची नाही, एका न बदलणाऱ्या नंबराशी बांधायची. नाव हा नुसता एक रकाना, तो कधीही बदलू शकतो. आपल्या गाड्यांवर अजून एमएच 20 च आहे बघा. नियम म्हणून हे बरोबर आहे. पण नंबरासाठी कुणी भांडत नाही, आणि नावासाठी माणसं जीव देतात. माझ्या यंत्राला ते कळत नाही.

आपल्या गावाचं तर नाव बदलायची सवयच जुनी. हे खडकी नावाचं गाव होतं. 1610 मध्ये मलिक अंबरने तिथे शहर वसवलं. पुढे त्याच्या मुलाने त्याला फतेहनगर केलं आणि 1653 मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना औरंगाबाद झालं. 1988 मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांनी संभाजीनगर हे नाव जाहीर केलं. आपण नववी-दहावीत असताना, 1995 साली, महापालिकेने ठराव केला, प्रकरण कोर्टात गेलं, 2001 मध्ये सरकारने पाऊल मागे घेतलं. मग जून 2022 मध्ये एका मंत्रिमंडळाचा निर्णय, जुलैत दुसऱ्या मंत्रिमंडळाने त्याला 'छत्रपती' जोडलं, फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राची मंजुरी, मे 2024 मध्ये हायकोर्टाचा शिक्का. त्या कोर्टाचं स्वतःचं नाव अजून बॉम्बे हायकोर्टच आहे, ही एक गंमत. आणि 2025 च्या ऑक्टोबरात स्टेशनची पाटीही बदलली. 1988 पासून धरलं तर पस्तीस वर्षांहून जास्त काळ.

मी स्वतः फॉर्मवर सरकारी नाव लिहिते, आणि आईशी फोनवर बोलताना जुनं तोंडात येतं. मला त्यात काही विसंगती वाटत नाही. पण आपल्याच वर्गातल्या दोघांचं मी ऐकलं, ते सांगते. एक म्हणाला, "ज्याने संभाजी महाराजांना हाल करून मारलं त्याचं नाव माझ्या जन्मदाखल्यावर आहे, हे मला लहानपणापासून टोचायचं." दुसरी शहागंजजवळ वाढलेली. ती म्हणाली, "नाव बदललं त्याचं एवढं नाही गं. पण ते घोषणा देत बदललं ना, तेव्हा आमच्या गल्लीकडे तोंड करून दिल्या." दोघंही खरं बोलत होते. मला एवढंच वाटतं की पहिल्याची टोचणी घालवताना दुसरीच्या गल्लीकडे तोंड करायची गरज नव्हती.

दुसरं नाव आपल्या विद्यापीठाचं. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात खेडोपाडी दलितांची घरं जाळली गेली. पोचिराम कांबळे यांचा खून झाला. 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला तेव्हा आपण आठवीत होतो. त्या संक्रांतीला काही घरांत तिळगूळ वाटला नि काही घरांत दारं लावून घेतली, हे तुम्हालाही आठवत असेल. "नावाने काय फरक पडतो?" हा प्रश्न मी तेव्हा खूप ऐकला. तो विचारणाऱ्यांचं नाव कुणी कधी पुसलेलं नव्हतं. आणि फरक पडत नसता तर सोळा वर्षं विरोध कशासाठी झाला? डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा आपला एक वर्गमित्र मला म्हणाला होता, "शाळेच्या दाखल्यावर पत्ता वाचून लोक मला 'अच्छा, अच्छा' म्हणायचे. तो 'अच्छा' आता माझ्या मुलाला ऐकावा लागणार नाही."

आता तिसरी नावं. यावर ग्रुपवर कुणीच भांडलं नाही.

या मेळाव्यासाठी सगळ्यांना शोधायचं काम माझ्याकडे होतं. शाळेने जनरल रजिस्टर बघायला दिलं. दहावी 'ब' मध्ये 58 नावं, 34 मुलं आणि 24 मुली. मुलं तीन आठवड्यांत सापडली. नाव टाकलं की फेसबुक नाहीतर लिंक्डइनवर हजर, फक्त केस कमी झालेले. मुलींना आठ महिने लागले. आडनाव बदललं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, आणि सहाजणींचं तर पहिलं नावही बदललं. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. शहराच्या नावाला पस्तीस वर्षं, दोन मंत्रिमंडळं आणि हायकोर्ट लागलं. यांचं दहा मिनिटांत झालं. तसा बदल करायला लावणारा कुठलाही कायदा नाही.

सगळ्या नाराज आहेत असं मी म्हणणार नाही. एकीने सांगितलं, "मला माझं जुनं नाव आवडतच नव्हतं, मीच नवं निवडलं." तिचं तिने निवडलं, विषय संपला. पण दुसरीची पीएफची रक्कम दीड वर्ष अडकली, कारण दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. राजपत्राची प्रत, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, आणि हे सगळं नवरा गेल्यानंतरच्या दिवसांत. ती म्हणाली, "ज्या नावाने मी पहिला नंबर काढला, ती मीच, हे मला सिद्ध करायला लागलं."

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. चांगलं झालं. माझ्यातली प्रोग्रामर मात्र लगेच विचारते, आईचं कोणतं नाव?

आज दाराशी मिळालेल्या बिल्ल्यांवर काही छापलेलं नाही आणि शेजारी स्केचपेन ठेवलंय, ते यासाठी. काहींना वाटलं प्रिंटर बिघडला. बाईंनी स्वतःच्या बिल्ल्यावर आपलं माहेरचं नाव लिहिलंय, ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं!

तीन मुली अजून सापडलेल्या नाहीत. रजिस्टरमधली त्यांची नावं या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर आहेत. त्यांच्या गल्लीतलं, त्यांच्या भावांच्या ओळखीचं कुणी असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. आणि त्यांचा नंबर मिळाला तर मला देण्याआधी त्यांना विचारा, यादीत कोणतं नाव लिहू?