फोटोच्या आधीची तालीम
(स्नेहमेळाव्याच्या पूर्वतयारी बैठकीतील भाषण)



स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी आपण बाराजणी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या आवारात मंगळागौरीच्या खेळांचे फोटो काढणार आहोत, हे तुम्हाला ग्रुपवरून कळलेच आहे. ग्रुपवर सगळ्यात जास्त चर्चा झाली ती साडीच्या रंगाची. साडीवर मी येतेच, पण त्याआधी थोडे तयारीबद्दल.

स्टेजवर नाच पाच मिनिटे चालतो. एखादे पाऊल चुकले तर पुढच्या पावलात सावरून घेता येते. फोटोत सगळा नाच येत नाही, त्यातला एकच क्षण येतो. तो क्षण कोणता आणि त्यात कोण कोण दिसणार, हे आधी ठरवणे म्हणजे आपली तयारी.

आपल्या या मंदिरात फोटो काढण्याची गोष्ट फार जुनी आहे. शिलालेखानुसार मंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहार राजांच्या काळातले. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूलचे, टेरी नावाचे शिक्षक एक तुकडी घेऊन इथे आले. त्यांनी मंदिराची २४ रेखाचित्रे, ३५ फोटो आणि ७६ साचे तयार केले. त्या काळी काचेच्या पट्टीवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो काढावा लागे आणि लगेच धुवावा लागे. काचेवर उजेड काही सेकंद तरी पडू द्यावा लागे. नाचणारी बाई समोर असती तर काचेवर नुसता धूसर ढग उमटला असता. भिंतीवरच्या दगडी नर्तकी मात्र हलत नव्हत्या.

त्या मूर्ती आजही आहेत. वालधुनीच्या काठी जाऊन नीट बघा. कित्येकींचे चेहरे झिजलेत, हात तुटलेत, दागिने ओळखू येत नाहीत. तरीही ती बाई नाचते आहे हे लांबूनसुद्धा कळते. कशावरून? भार एका पायावर आहे, कंबर एका बाजूला झुकली आहे आणि मान उलट बाजूला. साडेनऊशे वर्षे टिकला तो देहाचा तोल. म्हणून माझी विनंती, पार्लरची वेळ नंतर घ्या, आधी आरशासमोर उभे राहून आपला भार कुठल्या पायावर आहे ते बघा. ती स्थिती दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा. नाचण्यापेक्षा थांबणे गुडघ्यांना जड जाते. पंचेचाळिशीत तर जास्तच! रोज पाच मिनिटे केले तरी पुरे.

आता क्षणाबद्दल. फुगडीत पाय मध्यभागी जवळजवळ तिथेच फिरतात, पण डोकी मोठ्या वर्तुळात, सगळ्यात वेगाने जातात. म्हणून पाय स्पष्ट आणि चेहरे पुसट, असे फोटो येतात. त्यासाठी कॅमेऱ्याचा वेग निदान सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवावा लागेल. झिम्म्यात टाळी लागते तेव्हा हात क्षणभर थांबतात. उडीतही सगळ्यात वर गेल्यावर शरीर निमिषभर थबकते. ही थांबण्याची ठिकाणे पकडायची. म्हणून तालमीत सगळ्यांनी मोठ्याने मोजायचे आणि टाळी तीनवरच द्यायची, म्हणजे फोटो काढणाऱ्यालाही कधी बटण दाबायचे ते कळेल.

यानंतरचे मला जरा जपून बोलायचे आहे. शाळेत असताना गॅदरिंगच्या नाचात गोऱ्या मुली पुढच्या रांगेत आणि सावळ्या मागे, हे न सांगता ठरलेले असायचे. ड्रेसचे भाडे ज्यांना परवडत नव्हते, त्यांची नावे यादीत येतच नसत. त्यातली एक मैत्रीण पडद्यामागे आम्हा सगळ्यांच्या साड्यांना पिना लावायची. तिला नाच आमच्याइतकाच येत होता. जुन्या ग्रुपफोटोत ती कुठेच नाही. ती आज इथे बसली आहे आणि बारांमध्ये तिचे नाव आहे.

म्हणून या वेळी रांगच नको. झिम्म्याचे गोल रिंगण करायचे. रिंगणातही कॅमेऱ्याकडे पाठ करून कुणीतरी उभी राहणारच, ती अडचण मी कागदावर सोडवली आहे. फोटो तीन काढायचे. प्रत्येक फोटोनंतर सगळ्यांनी चार-चार जागा सरकायचे, म्हणजे प्रत्येकीला एकदा समोरची जागा मिळते. स्मरणिकेत तिन्ही छापायचे, असे संपादक मंडळाने मान्य केले आहे. आणखी एक, फोटो छापण्याआधी कुणाचाही रंग उजळायचा नाही, सुरकुत्या पुसायच्या नाहीत. चष्मा आहे तिने चष्मा घालूनच यायचे, काचेवर चमक आली तर मान जराशी खाली करायची.

आता साडी. दगड काळा आहे, त्यामुळे काळी, गर्द हिरवी, गर्द निळी साडी त्यात बुडून जाईल. पिवळी, लाल, केशरी, आंबा रंग उठून दिसतील. शिवलेली नऊवारी सोयीची, पण काष्ट्याच्या चुण्या नेसलेल्या साडीत जास्त छान पडतात. नेसवणाऱ्या दोघी आपल्यात आहेत. ज्यांच्याकडे साडी नाही त्यांनी गजानन मार्केटला धावू नये. आमच्यापैकी बऱ्याच जणींकडे दोन-दोन आहेत, त्या आपण वाटून घेऊ. या फोटोसाठी कुणीही खर्च करायचा नाही, हा नियमच समजा.

मंदिराचे तोंड पश्चिमेला आहे. दर्शनी बाजूवर दुपारनंतर तिरपे ऊन पडते आणि कोरीवकाम उठून दिसते. तोपर्यंत फरशीही थोडी निवलेली असते, कारण आपण अनवाणी असणार. सोमवारी दर्शनाची गर्दी असते, म्हणून रविवार ठेवला आहे. हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. स्टँड लावायचा तर आधी परवानगी लागते, त्यासाठी अर्ज करत आहोत. कोरीव दगडाला टेकायचे नाही, जोत्यावर चढायचे नाही. आळता लावू नका, दगडावर डाग पडेल. मेंदी चालेल. गाभाऱ्यात लोक दर्शन घेत असतील, तेव्हा आवाज बेताचा ठेवायचा.

मुलग्यांनो, तुम्ही नुसते बघायला येऊ नका. पिशव्या, पाणी, चपला सांभाळायला चारजण हवेत. पिनांचा डबाही या वेळी तुमच्यातल्याच कुणीतरी धरायचा आहे.

पहिली तालीम येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, शाळेच्या मैदानावर. बाराही जणींनी या. एकजण कमी पडली तरी चार-चारचा हिशेब चुकतो.