शिकलो एक, करतो एक
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेले भाषण)



चार शब्द बोला, असे समितीने कळविले आणि विषय आमच्यावरच सोपविला. मागच्या महिन्यात वस्तीत एका घरी गेलो होतो. पोरगा एम.एस्सी. झालेला, आता कोंबड्या पाळतो म्हणतो. पंधरा दिवसांपासून बाप त्याच्याशी बोलत नाही. तेव्हाच ठरविले की हाच विषय घ्यायचा. दुसऱ्याच्या घरचे काय सांगावे, आपलेच सांगतो.

आम्ही 1991 साली अमरावती विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. झालो. (तेव्हा विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव लागायचे होते. बाबांनी 20 डिसेंबर 1956 ला आपल्याच वलगावजवळ पेढीच्या काठी देह ठेवला, हे मुलांनी ध्यानात असू द्यावे.) अर्थशास्त्रच का घेतले? तर बाबासाहेबांचा तो विषय. वडिलांनी एक एकर वावर गहाण ठेवले. घरी आजोबांच्या भजन मंडळाची पेटी होती. आम्हाला बरी वाजवता यायची. अभ्यासात आड येते म्हणून ती कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली.

पुढे सहा वर्षे एका कॉलेजात तासिकेवर शिकवले. उन्हाळ्यात पगार नाही, दिवाळीत नाही. कायम व्हायला जी रक्कम विचारली गेली, ती ऐकून वडील मटकन खालीच बसले. शेवटी तिशीत एका मित्राच्या दुकानी मोटर वाइंडिंग शिकायला बसलो. वडील एवढेच म्हणाले, "बाबू, येवढं शिकून तारच गुंडायाची होती, त सातवीतच सांगतलं असतं. वावर त वाचलं असतं."

त्या बोलण्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. रस्त्याने ओळखीचा प्रोफेसर दिसला की आम्ही दुकानात आत सरकायचो. आज सांगायला लाज नाही वाटत, पण तेव्हा वाटायची.

काम मात्र सोपे नव्हते. तीन फेजपैकी एक गेला की उरलेल्यांवर भार येतो, करंट वाढतो आणि विहिरीवरची मोटर जळते. जळालेली तार खाचांतून काढायची, वेढे मोजायचे, कागद घालून नवीन तार तितक्याच वेढ्यांनी बसवायची, वार्निश देऊन वाळवायची. आमची पहिली मोटर मोजण्यात चुकली आणि पुन्हा जळाली. पैसे आम्हीच भरले.

त्याच काळात बाबासाहेबांचे चरित्र दुसऱ्यांदा वाचले. पहिल्यांदा वाचताना आम्ही फक्त पदव्याच मोजल्या होत्या! कोलंबियातून शिकून आलेला माणूस 1917 साली बडोद्याला नोकरीला गेला. दहा वर्षे सेवेचा करार होता, पण राहायला जागा मिळेना म्हणून काही दिवसांत परतावे लागले. मुंबईत शिकवण्या केल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा धंदा काढला. जात कळली तशी गिऱ्हाइके तुटली. 1918 ला सिडनॅममध्ये प्राध्यापक, 1920 ला ती नोकरी सोडून पुन्हा लंडन, 1923 ला डी.एस्सी., आणि मग मुंबईत वकिली. रुपयावर प्रबंध लिहिलेला माणूस कोर्टात उभा राहिला, तेव्हा त्यांचे शिक्षण वाया गेले असे कोणी म्हणेल काय? आपल्या जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख घ्या. ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहिला, बॅरिस्टर झाले, आणि 1952 ते 1962 देशाचे शेती खाते सांभाळले.

कोणी म्हणेल, कुठे बाबासाहेब आणि कुठे तुमचे दुकान! बरोबर आहे, बरोबरी नाहीच. पण आमचे अर्थशास्त्र कामी आले ते उधारीच्या वहीत. आपल्याकडचा संत्रेवाला आंबिया बहार तुटल्यावर पैसे देतो, मृगवाला त्याच्याही पुढे. आणि तांब्याची तार तर रोखीनेच घ्यावी लागते. मधले महिने कसे काढायचे, ते कोणत्या सर्टिफिकेटवर लिहिलेले नसते. वावर आठव्या वर्षी सुटले.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, नाहीतर उद्या कोणी आमच्या भाषणाचा भलताच उपयोग करील. "नोकऱ्यांमागे लागू नका, धंदे करा" असा उपदेश आपल्याच पोरांना फार होतो. राखीव जागा कोणी मेहेरबानीने दिलेल्या नाहीत. रिकाम्या असतील तर भरा, असे मोर्चा काढून म्हटलेच पाहिजे. आम्हीही मोटर बांधता बांधता अर्ज टाकतच होतो, वय निघून जाईपर्यंत.

पेटीचे राहिले. वडील थकले तेव्हा एका संध्याकाळी म्हणाले, "माळ्यावरची काढ ना खाली." उंदरांनी भाता कुरतडला होता. नवीन बसवून घेतला. बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे आम्ही त्यांना सांगितले. त्यावर ते बोलले नाहीत, पण रोज ऐकत बसायचे. एम.ए. बद्दल मात्र शेवटपर्यंत विषय काढला नाही.

त्या एम.एस्सी. पोराच्या वडिलांना आम्ही हे सगळे सांगून पाहिले. ते आज आले आहेत, मागच्या रांगेत बसले आहेत. पोरगा पुढे मांडवाच्या कामात आहे. पेटी आम्ही विहारात आणून ठेवली आहे. दर रविवारी वंदनेनंतर ज्यांना शिकायचे त्यांनी यावे, वयाची अट नाही.

जयभीम!