आषाढातला वारा, चैत्रातलं ऊन

साताऱ्यातल्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर आणि सांगलीतल्या ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याला आता वीस-पंचवीस वर्षं झाली. खालच्या गावांची तक्रारही तेवढीच जुनी. चक्क्या आमच्या उशाला फिरतात, आणि उसाला पाणी द्यायला आम्ही रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर. शिराळ्याकडे तर वर बिबट्याची धास्ती. तक्रार खरी आहे. पण चक्कीची वीज थेट गावाला द्या, हा त्यावरचा उपाय नव्हे. या चक्क्यांची खरी सुगी जून ते सप्टेंबर, म्हणजे शेतातल्या मोटारी बंद असतात तेव्हा. चैत्र-वैशाखात पीक पाण्यासाठी तळमळतं, तेव्हा वारा पडलेला असतो आणि ऊन मात्र रणरणत असतं. म्हणून दोन्हींची सांगड घालायची. चक्क्यांसाठी टाकलेल्या वाहिन्या आणि उपकेंद्रं पावसाळा सरला की बरीचशी रिकामी राहतात. त्यांच्यावरच सौरवीज घेता येते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या पवन-सौर धोरणात तशी मुभा आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली, आणि पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये सौरग्राम झाली. तिथं छपरावरच्या पॅनेलने घरातला दिवा लागतो, ते चांगलंच. पण खेड्याची मोठी गरज मोटारीची आहे.

कुणी म्हणेल, मग पावसाळ्यातल्या पवनविजेचं काय करायचं? कृष्णा दुथडी भरून वाहते ती याच दिवसांत, आणि जत, कवठेमहांकाळचे तलाव तेव्हाही पुष्कळदा कोरडेच. पुराचं पाणी म्हैसाळ उपसा योजनेतून तिकडे चढवतात. अडतं ते वीजबिलापाशी. त्या बिलातले ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचे, असं सूत्र ठरलं आहे. तेव्हा पावसाळी उपशासाठी पवनविजेचा हंगामी करार करणं शहाणपणाचं. रात्रीचं काय, हा आक्षेप अधिक वजनदार. पण कोयना धरण साताऱ्यातच आहे. पश्चिमेकडे वळवून वीज करायला कोयनेला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी मिळतं; दिवसा सूर्य राबला तर त्यातला जास्त वाटा संध्याकाळसाठी राखता येईल. जागेचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. चाळकेवाडीचा सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे. पावसाळ्यात तिथं कातळावर रानफुलं येतात, गुरं चरतात. पॅनेल तिथं नकोत, खाली पूर्वेच्या मुरमाड माळांवर हवेत, आणि तेही ग्रामसभेला विचारून, भाडं ठरवून.