छपराखालचा डोंगर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त शोभतो, इतिहास शोभतो, अर्थकारणही चालते. तेथे उभे राहून भिंतीवर चढण्याविषयी बोलणे हा पोरकटपणा आहे असे कोणास वाटले, तर आमची काही तक्रार नाही. भिंतीवर चढणे हे पोरांचेच काम आहे. मोठी माणसे ते का सोडून देतात आणि पुन्हा करू लागली म्हणजे त्यांचे काय होते, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

बंद दालनातील चढाईची भिंत आपल्यापैकी पुष्कळांनी दूरचित्रवाणीवर पाहिली असेल. २०२१ साली तोक्योला झालेल्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला. २०२४ साली पॅरिस येथे इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दो याने १५ मीटर उंचीची भिंत ४.७५ सेकंदांत चढून सुवर्णपदक घेतले. तेवढ्या वेळात आपल्या पायांतल्या चपला निघत नाहीत! महाराष्ट्रालाही हा खेळ नवखा नाही. २०१६ च्या मे महिन्यात नवी मुंबईत त्याची विश्वचषक स्पर्धा भरली होती. परंतु आम्हांस त्या वीरांविषयी बोलावयाचे नाही. पुण्यामुंबईच्या दालनांत संध्याकाळी जी साधी माणसे येतात, कोणी कचेरीतला कारकून, कोणी दोन मुलांची आई, त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे. अशा एका दालनात आम्ही काही संध्याकाळी जाऊन बसलो, आणि केवळ बसलो नाही, चढलोही.

ही कल्पना निघाली थंड देशात. १९६४ साली इंग्लंडातील लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने एका बोळाच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवून घेतले. तिकडे थंडीपावसामुळे बाहेरचे कडे चढता येत नाहीत, म्हणून कडाच घरात आणला. आपल्याकडे कारण उलटे आहे. धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्याचा काळा खडक वैशाखात दुपारी हाताला लावून पाहावा! पारा ४४-४५ अंशांवर गेला म्हणजे जळगावचा माणूस खडकावर कशाला जाईल? तो दाराबाहेरही पडत नाही.

आत गेल्यावर प्रथम दिसते ती रंगांची जत्रा. उंच भिंतीवर लाल, पिवळ्या, निळ्या पकडी स्क्रूने आवळलेल्या असतात. एका रंगाची एक वाट. कोणती सोपी, कोणती अवघड, हे पाटीवर लिहिलेले असते. पायांत रबरी तळव्याचे घट्ट बूट घालावयास देतात, इतके घट्ट की बोटे मुडपून बसतात. हाताला लावावयास मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड असते. ती पाहून आम्हांस मल्लखांबाची आठवण झाली. तेथे लाकडाला एरंडेल लावतात, येथे हात कोरडे करतात. पण कातडी आणि आधार यांच्यातले घर्षण नेमके राखावयाचे, ही विद्या दोन्हीकडे एकच.

मग माणूस चढू लागतो आणि पहिल्याच दहा फुटांत त्याची फजिती होते. नवखा मनुष्य भिंतीला मिठी मारतो, कोपर वाकवून सगळा भार हातांवर घेतो. दोन मिनिटांत त्याचे दंडाखालचे हात लाकडासारखे कडक होतात. आवळलेल्या स्नायूंतून रक्त नीट वाहत नाही, बोटे उघडू लागतात. खाली उभा असलेला शिक्षक ओरडतो, "हात सरळ ठेवा, पायांवर उभे राहा!" गंमत अशी की शिडी चढताना हेच आपण न शिकता करतो. भय वाटले म्हणजे माणूस पाय विसरतो आणि हातांनी जगाला धरू पाहतो. जोरदार दंडाचा तरुण अर्ध्यावर लोंबकळत राहतो आणि शेजारच्या वाटेने एखादी किडकिडीत मुलगी पाय नीट टाकीत शांतपणे वर निघून जाते, हे दृश्य तेथे रोजचे आहे. आम्हांस ते फार आवडले, हे कबूल केले पाहिजे.

परंतु खरी परीक्षा वर पोहोचल्यावर होते. चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा असतो. त्याला बांधलेला दोर भिंतीच्या माथ्यावरच्या कडीतून खाली येतो, आणि त्याचे दुसरे टोक खाली उभ्या असलेल्या माणसाच्या पट्ट्यावरील एका लहानशा यंत्रातून जाते. वरचा चढेल तसतसा खालचा दोर ओढून घेतो. यंत्रात दोराला वळण पडून घर्षण वाढते, म्हणून हलका मनुष्यही जड मनुष्याला सावरू शकतो. फारच तफावत असेल तर खालच्याला वाळूच्या पिशवीशी बांधून ठेवतात, नाहीतर तोच वर उचलला जावयाचा! हे सर्व आधी समजावून सांगितलेले असते, बुद्धीला पटलेलेही असते. तरी माथ्याला हात लागल्यावर खालून आवाज येतो, "आता हात सोडा आणि मागे बसा," त्या क्षणी ती बुद्धी कामास येत नाही. चाळीस फुटांवर दोन्ही हात सोडून पाठीमागच्या मोकळ्या हवेत बसावयाचे! आम्ही पाहिले, चांगले घरंदाज, व्यवहारी गृहस्थ तेथे पकडीला चिकटून राहतात, दोन-दोन मिनिटे सोडीत नाहीत. खालचा घाई करीत नाही. तो दोर ताठ करतो, त्याचा ताण वरच्याच्या कमरेला जाणवतो, आणि मग केव्हातरी हात सुटतात.

त्या वेळी त्या माणसाचे तोंड पाहावे.

दोराच्या त्या खालच्या टोकाचा आम्ही पुष्कळ विचार केला. चढण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची तपासणी करावयाची असा नियम आहे. वरचा खालच्याचे यंत्र पाहतो, खालचा वरच्याची आठच्या आकड्याची गाठ पाहतो. वीस वर्षांची विद्यार्थिनी पन्नाशीच्या व्यापाऱ्याला म्हणते, "काका, गाठ पुन्हा घाला, शेपूट तोकडे राहिले." काका निमूटपणे सोडून पुन्हा घालतात. आपल्या समाजात वडील माणसाची गाठ तपासण्याचा अधिकार लहानाला कोठे आहे? आणि आपण विश्वास टाकतो तो नात्यावर, जातीवर, फार तर गाववाल्यावर. येथे तो घातलेल्या गाठीवर आणि खालच्याच्या शिक्षणावर टाकावा लागतो. त्याचे आडनाव विचारण्याचे कारण पडत नाही.

हे सारे परदेशी खूळ आहे, असा आक्षेप येईल. वणीच्या सप्तशृंगीला चैत्रात आपल्या धुळ्या-जळगावची हजारो माणसे पायी जातात. देवीच्या मंदिरामागचा तो सरळ उभा सुळका आपण सर्वांनी पाहिला आहे. माथ्यावर जावयास रुळलेली वाट नाही, तरी चैत्रोत्सवात रात्री तेथे चढून ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे आहे. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर, दुसऱ्या बाजीरावाच्या काळचे, त्यांनाही ही विद्या याच गडावर माकडाच्या लीला पाहून सुचली, अशी कथा सांगतात. कथा कथा म्हणून घ्यावी. आणि विहिरीचे काम करणारा मजूर रोज दोरावर उतरतो. काठावर दोर धरणारा कोण आहे हे तो आधी पाहून घेतो. तेव्हा चढणे-उतरणे आपल्याला परके नाही. शहरातल्या पांढरपेशा माणसाला मात्र ते परके झाले. चिंचेवर चढलेल्या मुलाला खालून पहिला शब्द ऐकू येतो तो "पोऱ्या, पडशी ना!" मुलींना तर तेवढेही म्हणावे लागत नाही, त्या मुळात चढतच नाहीत. हिरकणीचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो, पण घरातल्या सुनेने कमरेला पट्टा बांधून चार माणसांदेखत भिंतीवर चढावे, हे आपल्यापैकी किती जणांना रुचेल? आम्ही पाहिलेल्या दालनात बायका पुष्कळ होत्या. त्यांतल्या एकीने सांगितले की उंचीचे भय तीन दिवसांत गेले. खालून कोणी पाहत असेल याचे भय जावयास तीन महिने लागले.

मग आपल्याकडे अशी भिंत असावी काय? असावी, असे आमचे मत आहे. पण त्यात अडचणी आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. दोराशिवाय चढावयाचा एक प्रकार आहे, त्याला बोल्डरिंग म्हणतात. त्यात भिंत साधारण चार-साडेचार मीटरांची असते आणि खाली जाड गाद्या घालतात. आपल्या जिनिंग-प्रेसच्या एखाद्या जुन्या गोदामात ती सहज मावेल आणि खर्चही कमी. मात्र गादीवर पडूनही घोटा मुरगळतो, मनगट मोडते. पाय टेकवून, गुडघे वाकवून पडावयास आधी शिकवावे लागते. शिवाय पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते. घामाने पकड सुटते, पूड कितीही लावा. म्हणजे उन्हापासून पळून छपराखाली आलो, तरी चैत्र-वैशाखात पहाटे किंवा रात्री उशिराच चढता येईल.

दोराची भिंत हवी असेल तर दहा-बारा मीटरांची नवी इमारत बांधावी लागेल आणि शिकलेले शिक्षक नेहमीसाठी ठेवावे लागतील. पट्टे, दोर जुने झाले की दया न दाखविता फेकावे लागतील. आपल्याकडे व्यायामशाळेचा दोर तुटेपर्यंत वापरतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. भिंत वर्गणीतून उभी राहील. दर वर्षी दोर बदलावयास वर्गणी कोण देईल, हा प्रश्न त्याहून कठीण आहे. अलीकडे माणसाच्या जागी दोर आपोआप ओढून घेणारे यंत्रही मिळते. त्याने एकट्यालाही चढता येते आणि पगार वाचतो. व्यवस्थापक मंडळी हिशेब मांडताना त्या यंत्राचे नाव प्रथम घेतील. आमच्या हाती निर्णय असता तर आम्ही ते एकच घेतले असते, कोपऱ्यातल्या एका वाटेवर लावले असते, आणि उरलेल्या सर्व दोरांखाली माणसे उभी केली असती.