आधी वीज, मग चित्र : पिक्सेल रोषणाईचा वीज-आराखडा



महाराष्ट्रातील गणेशोत्सवाच्या रोषणाईचे स्वरूप अलीकडच्या काळात मुळापासून बदलले आहे. पूर्वी दिव्यांच्या माळा गटागटाने लागत आणि विझत. आता पिक्सेल एलईडीच्या माळेत प्रत्येक दिव्यापाशी एक चिप असते, ती नियंत्रकाकडून आलेल्या संदेशातील आपल्या वाट्याचे 24 बिट ठेवून घेते व उरलेला संदेश पुढे सोडते, त्यामुळे हजारो दिव्यांपैकी कोणत्याही एकाला स्वतंत्र रंग देता येतो. या सोयीमुळे मंडळांचे सारे लक्ष चित्र, संगीत आणि प्रोग्रॅमिंग यांकडे वळले आहे. तथापि रोषणाईचा दर्जा आणि तिची सुरक्षितता ही दोन्ही वीजवाटपावर अवलंबून असल्यामुळे चित्राच्याही आधी विजेचा हिशेब कागदावर उतरला पाहिजे, हेच या भाषणाचे प्रतिपादन आहे.

प्रचलित 5 व्होल्टच्या पिक्सेलमध्ये लाल, हिरवा व निळा असे तीन एलईडी असतात. प्रत्येकाला सुमारे 20 मिलिअँपिअर प्रवाह लागतो आणि तिन्ही एकत्र पेटून पांढरा प्रकाश दिला की ही गरज 60 मिलिअँपिअरवर जाते. 50 दिव्यांच्या एका माळेला 3 अँपिअर, तर 1000 दिव्यांच्या कमानीला 60 अँपिअर लागतात. एकूण शक्ती 300 वॉट एवढीच असल्याने हा भार किरकोळ वाटतो. परंतु तारेला वॉट नव्हे, अँपिअर तापवतात, आणि 60 अँपिअर हा प्रवाह घरातील 16 अँपिअरच्या सॉकेटच्या क्षमतेच्या जवळजवळ चौपट आहे.

याच प्रवाहातून दाबघट, म्हणजे तारेच्या रोधामुळे वाटेतच खर्ची पडणारा विद्युतदाब, उद्भवते. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे साडेसात मिलिओहम असतो. एसएमपीएसपासून, म्हणजे 230 व्होल्टच्या पुरवठ्याचे 5 व्होल्टमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणापासून, 10 मीटरवरील माळांना 10 अँपिअर पुरवायचे असतील, तर जाण्या-येण्याच्या 20 मीटर तारेत दीड व्होल्ट नाहीसा होतो आणि 5 पैकी साडेतीनच व्होल्ट दिव्यांपर्यंत पोहोचतात. निळ्या व हिरव्या एलईडीला सुमारे 3 व्होल्ट लागतात, लाल एलईडी मात्र 2 व्होल्टच्या आसपासही पेटतो. म्हणून दाब घटला की माळेच्या टोकाकडचा पांढरा रंग प्रथम पिवळसर आणि नंतर तांबूस होतो. हा दोष प्रोग्रॅमचा समजून नियंत्रक बदलण्यात वेळ व पैसा दवडला जातो, वास्तविक त्याचे मूळ तारेत असते.

यावर 12 व्होल्टचा उपाय सुचवला जातो, पण त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. ज्या पट्टीत तीन-तीन दिवे एकसर जोडून एका चिपला दिलेले असतात, तिथे तेवढ्याच दिव्यांना एक-तृतीयांश प्रवाह पुरतो, मात्र ते तिन्ही दिवे एकाच रंगाने पेटतात. सुट्या दिव्यात रोधक घालून जो 12 व्होल्टचा पिक्सेल बनवलेला असतो, त्याचा प्रवाह कमी होत नाही. दीड व्होल्टची घट त्याला सोसते खरी, पण जास्तीची वीज उष्णतेत जाते. म्हणून माळेला ठिकठिकाणी नवा पुरवठा जोडण्याला पर्याय नाही. त्यासाठी एकाहून अधिक एसएमपीएस वापरताना त्यांच्या धन तारा परस्परांना न जोडता ऋण तारा मात्र नियंत्रकासह एकत्र बांधल्या पाहिजेत, कारण संदेशाचा दाब ऋण तारेच्या संदर्भानेच वाचला जातो आणि हा संदर्भ तुटला की दिवे वेडेवाकडे लुकलुकू लागतात.

नियंत्रकात चमक 30 टक्क्यांवर आणली की सरासरी प्रवाहही जवळपास त्याच प्रमाणात उतरतो आणि रात्रीच्या अंधारात ही चमक बहुधा पुरेशी असते. तथापि तार व फ्यूज यांची निवड मात्र पूर्ण पांढऱ्या प्रकाशाच्या भारावरच व्हावी. 60 अँपिअरच्या एसएमपीएसमधून निघालेल्या बारीक तारेत शॉर्टसर्किट झाले, तर एसएमपीएस बंद पडण्याआधी ती तारच जळू शकते. 230 व्होल्टच्या बाजूला बसवलेले आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण, या बिघाडाची दखल घेत नाही. म्हणून प्रत्येक शाखेला तिच्या तारेच्या क्षमतेचा स्वतंत्र फ्यूज आवश्यक ठरतो.

भाद्रपदात पाऊस असतो, आणि जाळीदार डब्याचा एसएमपीएस पाण्यापासून सुरक्षित नसतो. चित्र काळे केले तरी चिपा थोडा प्रवाह घेतच राहतात आणि एसएमपीएसला 230 व्होल्टचा पुरवठा सुरूच राहतो. म्हणून दिवसा टायमर व कॉन्टॅक्टरने मूळ पुरवठाच तोडला पाहिजे. त्याच्या जोडीला 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी, धातूच्या कमानीचे अर्थिंग, आणि रस्त्यावरच्या तारेवर आकडा न टाकता महावितरणची अधिकृत तात्पुरती जोडणी या तीन गोष्टी अनिवार्य मानल्या जाव्यात. मंडपातील गर्दीत लहान मुले असतात, याचा विसर कोणत्याही कारागिराला पडता कामा नये.

या विवेचनातून उत्सवी रोषणाईच्या व्यावसायिकांच्या या संमेलनापुढे दोन सूचना येतात. प्रत्येक रोषणाईसाठी दिव्यांची संख्या, शाखांचे प्रवाह, तारांची जाडी व लांबी, फ्यूज आणि पुरवठ्याच्या जागा नोंदवणारा एक पानी वीज-आराखडा तयार व्हावा व तो मंडळाच्या कार्यकर्त्यांपाशी असावा. तसेच कमानीचे चित्र ठरवणाऱ्या बैठकीला वायरमनला पहिल्यापासून बोलावले जावे आणि दरपत्रकात वीजवाटपाचा खर्च स्वतंत्र दाखवला जावा, जेणेकरून स्वस्त दरासाठी सर्वप्रथम तारेची जाडी कमी करण्याची प्रथा बंद पडेल. या दोन सूचनांना ठरावाचे रूप देऊन येत्या उत्सवापासून त्यांचा अंमल सुरू करावा, अशी अध्यक्षस्थानावरून आग्रहाची विनंती आहे.