ॲमस्टरडॅममधील अखेरचा दिवस

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या मेळाव्यात जलव्यवस्थापनाच्या एका विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



परदेशात शिकून आलेल्या माणसाने तेथील धरणांचे आणि यंत्रांचे वर्णन करावे, अशी आपली अपेक्षा असते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील अभ्यासाविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु आज मी एकाच दिवसाविषयी बोलणार आहे. अभ्यासक्रम संपला होता, सहाध्यायी आपापल्या देशी परतले होते आणि रात्रीच्या विमानापूर्वीचा पूर्ण दिवस ॲमस्टरडॅम शहरात माझ्या एकट्याच्या हाती होता. सोबत वाटाड्या नव्हता, खिशात फारसे पैसेही उरले नव्हते. म्हणून जे पायी गाठता येईल तेवढेच पाहावयाचे, असे ठरविले.

मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून पश्चिमेस काही अंतर चालत गेल्यावर कालव्याचे एक जुने जलद्वार लागते. त्याच्या भिंतीत संगमरवराचा एक दगड बसविलेला असून त्यावर आडवी खाच आहे. १६८० च्या दशकात नगराध्यक्ष योहानेस हुडे यांच्या पुढाकाराने असे आठ दगड शहरात बसविण्यात आले. शहराच्या शून्य पातळीपेक्षा समुद्राचा बांध ९ फूट ५ इंच उंच असावा, हे ती खाच सांगते. आठांपैकी हा एकच दगड आज मूळ जागी आहे. त्याच शून्य पातळीपासून पुढे साऱ्या देशाची उंची मोजली जाऊ लागली.

तेथून मी नगरपालिकेच्या इमारतीत गेलो. नगरपालिका आणि संगीतनाट्यगृह तेथे एकाच छताखाली आहेत. त्यामुळे कामासाठी आलेला नागरिक आणि नाट्यप्रयोगाला आलेला प्रेक्षक दोघेही एकाच वाटेने जातात. त्या वाटेवर काचेच्या तीन उंच नळ्या पाण्याने भरून ठेवल्या आहेत. दोन नळ्यांतील पाणी दोन बंदरांतील भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली होते. तिसरीतील पाणी मात्र शून्य पातळीच्या वर ४.५५ मीटरवर, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, स्थिर होते. ३१ जानेवारी व १ फेब्रुवारी १९५३ च्या दरम्यानच्या रात्री झीलंड भागात समुद्र जेथवर चढला, ती ही उंची. त्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. जवळच शून्य पातळी दाखविणारा काशाचा खिळा आहे.

त्या नळीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. बांध कमकुवत आहेत, हे योहान व्हान व्हेन या सरकारी अभियंत्याने आपत्तीपूर्वीच दाखवून दिले होते. परंतु महायुद्ध आणि पैशाची चणचण यांत ते काम मागे पडले. ज्या देशाने तीनशे वर्षांपूर्वी पाण्याची खूण दगडात कोरली, त्याच देशात धोक्याचा इशारा अहवालातच राहिला आणि लोक झोपेत असताना पाणी आले. आकडा दप्तरात असणे आणि तो लोकांच्या डोळ्यांसमोर असणे यांतील अंतर मला वर्गात कोणी शिकविले नव्हते. ते त्या दिवशी कळले.

त्या देशातील पाण्याचा कारभार जलमंडळांकडे असतो. ऱ्हाइनलंड येथील मंडळाचा उल्लेख १२५५ पर्यंत मागे जातो. आज अशी २१ मंडळे आहेत. त्यांच्या सीमा पाण्याच्या वाहण्यावरून ठरतात. ती स्वतःचा कर बसवितात आणि त्यांची निवडणूक दर चार वर्षांनी होते. ज्याचे हित पाण्यात गुंतले आहे त्याने कर द्यावा, आणि कर देणाऱ्याला मत असावे, असे हे साधे सूत्र आहे.

सायंकाळी मी विमानतळावर पोहोचलो. स्किपोलचा हा विमानतळ समुद्रसपाटीच्या खाली, एका मोठ्या सरोवराच्या तळावर उभा आहे. वाफेच्या यंत्रांनी चालणाऱ्या तीन पंपगृहांनी १८४९ ते १८५२ या काळात ते सरोवर उपसून कोरडे केले. आपण कोठे उभे आहोत याचे भान त्या लोकांना विसरता येत नाही.

आपल्याकडे हे अगदीच अपरिचित आहे असे मात्र नाही. पावसाळ्यात सांगलीत कोणालाही विचारा, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे हे तो सांगेल. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सुमारे ५७ फुटांपर्यंत गेले, तेव्हा साऱ्या शहराचे लक्ष त्या एका आकड्याकडे लागले होते. पण पुलावरचा आकडा माझ्या घराच्या उंबऱ्याशी कसा जोडावयाचा, हे नदीकाठच्या कित्येक गावांत अजून भिंतीवर लिहिलेले नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. मोठ्या पुराचे पाणी जेथवर आले ती रेघ, वर्षासह, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवावी. पुराचे पाणी जेथे येत नाही, तेथे मे महिन्यातील विहिरींची पातळी फळ्यावर लिहावी. शिक्षकांनी ती मुलांकडून मोजून घ्यावी आणि ग्रामसभेत ती वाचली जावी. याला मोठा निधी लागत नाही, एक मोजपट्टी आणि रंगाचा डबा पुरतो. त्यानंतर गावातील कोणालाही, पाणी एवढे येईल हे आम्हांला कोणी सांगितले नाही, असे म्हणण्याची वेळ येऊ नये.